घोड्याच्या अंगावरची बॉट माशीची अंडी: काढायची कशी आणि कोणत्या क्रमानं

पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला पिवळे ठिपके दिसले की हाताला येईल ते घेऊन खरवडायचं, दुसऱ्या दिवशी जंताचं औषध पाजायचं आणि काम झालं म्हणून मोकळं व्हायचं. बहुतेक ठिकाणी हेच होताना मी बघतो. मेहनतीत कुणी कमी पडत नाही, चूक होते ती क्रमात. कुणी कोमट पाण्यानं पाय धुऊन ओल्या अंगानंच घोडा सोडून देतो. कुणी गव्हाणीपाशी उभं राहून खरवडतो. कुणी केसांवर अंडी तशीच ठेवून औषध देतो. तिन्ही प्रकारांत अळी पोहोचायची तिथं पोहोचतेच, म्हणजे घोड्याच्या तोंडात.

म्हणून हा लेख पायऱ्यापायऱ्यांनी लिहिला आहे. पायऱ्या मागेपुढे करू नका.

आधी खात्री: ही बॉटचीच अंडी आहेत ना?

बॉट माशी दिसायला मधमाशीसारखी, केसाळ. ती चावत नाही आणि रक्तही पीत नाही. तिला खाता येईल असं तोंडच नसतं. थोड्या दिवसांच्या आयुष्यात तिचं काम एकच, घोड्याभोवती घोंगावत एकेका केसावर एकेक अंडं चिकटवणं. नेहमी दिसणाऱ्या जातीची एक मादी हजाराच्या घरात अंडी घालू शकते.

घोड्यांवर मुख्यतः तीन जाती येतात, आणि कुठली आली आहे ते अंड्यांच्या जागेवरून कळतं.

- पायांवर, खांद्यावर, कुशीत, आयाळीत पिवळी अंडी: ही सर्वांत जास्त दिसणारी जात. घोडा चाटतो तेव्हा जिभेची ऊब, ओल आणि घासणं मिळून अंडं फुटतं. घातल्यापासून साधारण ५ दिवसांत ते फुटायच्या तयारीत येतं.
- खालच्या जबड्याच्या दोन हाडांमधल्या खोबणीत फिकट पिवळी अंडी: ही चाटण्याची वाट बघत नाहीत. आठवड्याभरात आपोआप फुटतात आणि अळ्या सरपटत तोंडाकडे जातात.
- ओठांवरच्या बारीक केसांना काळपट अंडी: ही तर दारातच बसलेली असतात. ओठांच्या ओलीनं दोन-चार दिवसांत फुटतात. काळ्या तोंडाच्या घोड्यावर नुसत्या नजरेला दिसतही नाहीत.

अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, लांबट. गडद रंगाच्या घोड्यावर लांबून बघाल तर पायावर परागकण सांडल्यासारखं वाटतं.

उवांच्या लिखांशी याची नेहमी गल्लत होते. लीख पांढरट असते, केसाच्या मुळाशी कातडीला लागून असते आणि बहुधा आयाळीत किंवा शेपटीच्या बुडाशी सापडते. बॉटचं अंडं केसाच्या टोकाकडच्या भागात असतं. लिखा निघाल्या तर उपाय वेगळा, त्यासाठी हा लेख उपयोगाचा नाही.

तपासा: अंड्याचा एक केस कापून भिंगाखाली धरा. भरलेलं अंडं पिवळं, टणक आणि एका टोकाला झाकण लावल्यासारखं दिसतं. झाकण उघडं आणि आत पोकळ, पारदर्शक असेल तर अळी निघून गेलेली आहे. बरीच टरफलं रिकामी निघाली तर खरवडायला उशीर झाला असं समजा. राहिलेली अंडी तरीही काढायचीच, पण आठव्या पायरीतलं औषध आता टाळता येणार नाही.

१. सामान आधी जमवा

मध्येच काही आणायला उठलात की घोडा तेवढ्यात पाय चाटतो. सगळं हाताशी ठेवूनच सुरुवात करा.

- बॉट सुरी (वाकडी, बोथट, दातेरी पात्याची) किंवा बॉट दगड (खरखरीत, सच्छिद्र ठोकळा)
- एकेरी पात्याचे, टाकून देण्याजोगे दाढीचे रेझर, दोन-तीन
- बारीक दात्यांची फणी, लिखा काढायची असते तशी
- गोल टोकांची कात्री
- रबरी किंवा नायट्राइल हातमोजे
- जुनी चादर किंवा मोठा कागद, तोंड बांधता येईल अशी पिशवी
- बादली, स्पंज, कोरडे टॉवेल, थर्मामीटर

यात सर्वांत उपयोगाचं काय, असं विचाराल तर मी साधा रेझर सांगेन. दगड दाट केसांवर उत्तम चालतो, पण त्याची धार लवकर बसते. कडेवर दुसरा खरखरीत दगड घासला की ती पुन्हा येते. सुरी खांद्यावर आणि कुशीवर झपाझप काम करते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला मात्र हाड कातडीच्या लगेच खाली असतं, तिथं रेझरची हलकी ओढच बरी.

रॉकेल, डिझेल, तारपीन यांपैकी काहीही पायाला लावू नका. कातडी भाजते, आणि घोडा नंतर तीच जागा चाटतो. व्हिनेगरनं अंड्याचा डिंक विरघळतो असं पुष्कळ जण सांगतात, त्यावर विसंबून राहू नका. थोडं खाद्यतेल लावल्यानं पातं घसरायला मदत होते, एवढाच त्याचा उपयोग.

इशारा: हातमोजे हवेतच. या अळ्या माणसाच्या कातडीत शिरून वळवळत पुढे सरकल्याच्या आणि क्वचित डोळ्यात गेल्याच्याही घटना घडल्या आहेत. काम चालू असताना डोळे चोळू नका, घाम हातानं पुसू नका. लहान मुलांना हे काम देऊ नका.

२. जागा निवडा, मग घोडा उभा करा

खरवडलेलं अंडं मेलेलं नसतं. केस तुटतो, अंडं त्याला चिकटलेलंच राहतं आणि आतली अळी जिवंत असते. त्यामुळे ते कुठं पडतं याला फार महत्त्व आहे.

हे मी स्वतः चुकून शिकलो. एका संध्याकाळी अंधार पडत होता म्हणून ठाणावरच घोडीचे पाय खरवडले आणि खालचं झाडून घेतलं. सकाळी बघतो तर ती कोपऱ्यातलं सांडलेलं गवत वेचून खात होती, आणि तिच्या ओल्या खालच्या ओठाला चार-पाच आखूड केस चिकटलेले. प्रत्येकावर पिवळा ठिपका. रात्रभर तिनं असे किती गिळले असतील, देव जाणे. त्या दिवसापासून गवताजवळ मी कधीही खरवडलं नाही.

जागा हवी ती टणक जमिनीची, भरपूर उजेडाची, वारा कमी असलेली. चारा, पाण्याची टाकी आणि चरण्याची जागा यांपासून दूर. खाली चादर अंथरा. चादरीला बुजणारा घोडा असेल तर फरशीवर करा आणि नंतर ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

घोडा बांधून ठेवण्यापेक्षा ओळखीच्या माणसानं धरलेला बरा. धरणारा आणि तुम्ही घोड्याच्या एकाच बाजूला राहा, म्हणजे तो बिथरला तर त्याला दुसरीकडे सरकायला वाट राहते. पायाशी काम करताना मांडी घालू नका, गुडघे टेकू नका. उकिडवे बसा किंवा वाका, क्षणात मागे सरकता आलं पाहिजे. एक हात सतत घोड्याच्या अंगावर असू द्या. बॉट माशीनं सतावलेला घोडा पायाला काही लागलं की दचकून पाय आपटतो. त्याला रागावू नका, महिनाभर तो त्याच जागी माशी झेलत आलेला असतो.

३. कोरडंच खरवडा

पाणी अजून लांब ठेवा. केस कोरडे असतील तर पातं केसावरून नीट सरकतं आणि अंडी निजलेलीच राहतात. ओल आणि ऊब एकत्र लागली की तयार अंडी तुमच्या हातातच फुटायला लागतात.

आधी खरारा करून धूळमाती काढा, नाहीतर रेझर दोन ओढींत बोथट होतो. मग वरून खाली या: आयाळ, खांदा, छाती, कूस, पोटाची बाजू, पुढचे पाय, शेवटी मागचे पाय. उलट केलंत तर वरून झडलेले केस साफ केलेल्या पायावर येऊन बसतात.

रेझर केसांच्या वाढीच्या दिशेनं, जवळजवळ आडवा धरून, बोटभर लांबीच्या ओढींनी चालवा. अंडं केसाच्या टोकाकडे असतं, त्यामुळे कातडीपर्यंत जायची गरजच नसते. चार-पाच ओढी झाल्या की पातं कोरड्या फडक्याला पुसा. पात्यात केस भरले की माणूस नकळत जोर लावतो आणि कातडी कापली जाते. सुरी आणि दगड यांनाही हाच नियम, दाब हलका आणि ओढी जास्त.

आयाळीत रेझर नको. तिथं फणी, आणि न निघणाऱ्या केसाला कात्री. पायांवर अंड्यांचा थरच झाला असेल तर क्लिपरनं केस आखूड करून टाका, त्यात कमीपणा काही नाही. मात्र क्लिपरच्या आवाजाला घोडा आधीपासून सरावलेला हवा.

सर्वांत जास्त राहून जाणाऱ्या जागा अशा: पुढच्या गुडघ्याची आतली बाजू, कोपराच्या मागची घडी, मागच्या पायाची आतली बाजू आणि आयाळ ज्या बाजूला पडते तिच्या खालची मान.

तपासा: हातमोजा काढून स्वच्छ कोरडं बोट केसांच्या उलट दिशेनं फिरवा. वाळूसारखी कचकच लागली तर अंडी शिल्लक आहेत. पांढऱ्या किंवा करड्या घोड्यावर डोळ्यांपेक्षा बोटावरच भरवसा ठेवावा लागतो. तपासणी झाली की हात लगेच साबणानं धुवा आणि नवे मोजे घाला.

४. जबडा आणि ओठ: इथं पातं नको

ही पायरी पुष्कळ जण गाळतात, कारण घोडा तोंडाला हात लावू देत नाही आणि अंडीही पटकन दिसत नाहीत. पण पायावरच्या अंड्याला निदान घोड्यानं चाटावं तरी लागतं. इथली अंडी त्याच्यासाठी थांबत नाहीत, म्हणून यांना उशीर चालत नाही.

जबड्याखालच्या खोबणीत फणी मागून पुढे चालवा. लांब केस असतील ते गोल टोकाच्या कात्रीनं कापा. ओठांवर टॉर्चचा उजेड बाजूनं तिरका पाडा, म्हणजे काळपट अंडी चमकतात. एकेक केस कात्रीनं कापून घ्या. घोडा तेवढं थांबत नसेल तर फडकं कोमट पाण्यात पिळून ओठांवरून एकाच दिशेनं, तोंडाच्या फटीपासून बाहेरच्या बाजूला पुसा आणि प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी घ्या. तेच फडकं पुन्हा ओठाला लावलंत तर काढलेली अळी परत देताय. फडकी नंतर उकळत्या पाण्यात टाका.

ओठांवरच्या लांब स्पर्शकेसांना हात लावू नका. नाकापुढचं घोड्याला दिसत नाही, ते तो या केसांनी चाचपतो.

५. आता कोमट पाणी

कोरडं काम कितीही नीट केलं तरी थोडी अंडी राहतातच. कोमट पाणी त्यांच्यासाठी. ऊब आणि ओल मिळाली की तयार अंड्याला आपण तोंडात आहोत असं वाटतं, ते फुटतं, आणि बाहेर आलेली अळी उघड्यावर मरते. हा उपाय थंड हवेत जास्त चांगला लागू पडतो, कारण हवा आणि पाणी यांच्यातला फरक अंड्याला जाणवतो.

पाणी ४३ ते ४८ अंश सेल्सिअस असावं. थर्मामीटर लावा, हातानं अंदाज घेऊ नका. मोजे घातलेल्या हाताला पाणी नेहमी खऱ्यापेक्षा थंड भासतं आणि घोड्याची कातडी भाजू शकते. स्पंज भरपूर भिजवून एका पायावर दोन-तीन मिनिटं धरा, चोळा, पुन्हा भिजवा. पाणी निवलं की बदला.

एकदा हे डोळ्यांनी बघाच. पिवळ्या अंड्यांचे चार केस काचेवर ठेवून त्यांच्यावर कोमट पाण्याचा थेंब टाका, बोटानं हलकं घासा आणि भिंगातून बघा. अंडी तयार असतील तर झाकण उचलून धाग्याच्या तुकड्याएवढी अळी वळवळत बाहेर येते. घोडा पाय चाटतो तेव्हा नेमकं हेच त्याच्या जिभेवर होत असतं. ते बघितल्यावर दर तीन-चार दिवसांनी करायची सफाईची फेरी (सातवी पायरी) चुकवावीशी वाटत नाही. काच लगेच उकळत्या पाण्यात बुडवा.

इशारा: धुण्यापासून अंग पूर्ण कोरडं होईपर्यंत घोड्याचं डोकं सोडू नका. ओल्या पायावर फुटलेल्या अळ्या असताना त्यानं एकदा चाटलं तर तुम्हीच त्या भरवल्यासारखं होईल. पाय टॉवेलनं खसखसून पुसा, पुन्हा कोरडा टॉवेल फिरवा आणि वाळल्यावरच त्याला सोडा.

६. कचरा

केस, कागद, रेझर, मोजे पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा. जाळण्याची सोय असेल तर केस जाळा. चादर, टॉवेल, स्पंज उकळत्या पाण्यात. बादलीतलं पाणी चराऊ जमिनीवर ओतू नका.

७. फेरी: दर तीन-चार दिवसांनी, सगळ्यांची

पायावरच्या अंड्याला तयार व्हायला साधारण ५ दिवस लागतात, म्हणून दोन सफायांमध्ये ४ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. महिन्यातून एकदा तीन तास घासण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं दिलेली कितीतरी कामाला येतात. ओठ आणि जबडा रोज बघा, खरारा करतानाच बघून होतो.

एकत्र राहणारे सगळे घोडे एकाच दिवशी साफ करा. घोडे एकमेकांची मान आणि खांदे दातांनी खाजवतात. एकाच्या आयाळीतली अंडी दुसऱ्याच्या तोंडात जातात, आणि मग स्वच्छ पायांच्या घोड्यात अळ्या आल्या कुठून हे कळत नाही. गाढवं आणि खेचरंही यात आली.

माशी उन्हात, दिवसा हिंडते. भर उन्हाच्या वेळी घोडे सावलीत, बंदिस्त जागेत ठेवून संध्याकाळनंतर बाहेर सोडलेत तर अंडी बरीच कमी होतात. माश्या पळवणारे फवारे थोडी मदत करतात, पण फवारला म्हणून फेरी चुकवायची नाही.

८. जंतनाशक: अंडी काढल्यानंतर

तोंडात शिरलेली अळी जीभ आणि हिरड्यांत साधारण तीन-चार आठवडे राहते, मग जठरात किंवा आतड्याच्या सुरुवातीला जाऊन आकड्यांनी चिकटते आणि आठ-दहा महिने तिथंच वाढते. तिच्यापर्यंत तुमचं पातं पोहोचत नाही, तिथं औषधच लागतं.

इथंही क्रम तोच: आधी अंग साफ, मग औषध. थंडीनं माश्या मेल्या तरी केसांवरची अंडी कित्येक आठवडे जिवंत राहतात. आज औषध दिलंत आणि उद्या घोड्यानं पाय चाटला तर पोट पुन्हा भरायला लागतं. कडक थंडी पडते तिथं माश्या संपल्यावर शेवटची पक्की सफाई करा आणि मग औषध द्या. माश्या वर्षभर असतात तिथं वेळापत्रक पशुवैद्याकडून ठरवून घ्या.

औषधाचं नाव बघून घ्या. बॉटच्या अळीवर आयव्हरमेक्टिन (किलोमागे ०.२ मिलिग्रॅम) आणि मॉक्सिडेक्टिन (किलोमागे ०.४ मिलिग्रॅम) चालतात. फेनबेंडाझोल आणि पायरँटेल यांचा बॉटवर उपयोग नाही. ‘जंताचं औषध दिलंय’ म्हणणाऱ्या अनेकांनी यांपैकीच एक दिलेलं असतं.

वजन डोळ्यांनी ठरवू नका. पूर्ण वाढलेल्या घोड्यासाठी फीत घ्या: छातीचा घेर गुणिले छातीचा घेर गुणिले लांबी (खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत), सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. घेर १८०, लांबी १६५ असेल तर वजन ४५० किलो. पेस्टच्या सिरिंजवरचं कडं त्या आकड्याला घट्ट बसवा. ते ढिलं राहिलं तर सगळी सिरिंज तोंडात जाते.

देताना तोंडात चारा नसावा, नाहीतर घोडा पेस्टसकट तोबरा थुंकतो. सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून, दात नसलेल्या जागेतून आत घाला, पेस्ट जिभेच्या मागच्या भागावर सोडा आणि गिळेपर्यंत डोकं थोडं उचलून धरा.

इशारे:
- गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका. टोचलेल्या जागी गंभीर जंतुसंसर्ग झाल्याच्या घटना आहेत.
- सहा महिन्यांखालचं शिंगरू किंवा खंगलेला घोडा असेल तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय मॉक्सिडेक्टिन नको.
- खाली सांडलेली पेस्ट पुसून घ्या, कुत्रे लांब ठेवा. काही कुत्र्यांना, विशेषतः कॉली जातीच्यांना, ती जिवावर बेतू शकते.

लिदीची तपासणी ‘स्वच्छ’ आली म्हणून औषध टाळू नका. त्या तपासणीत जंतांची अंडी मोजतात. बॉटची अळी पोटात अंडी घालतच नाही, त्यामुळे ती तिथं कधीच दिसणार नाही.

घोडा लाळ गाळतोय, चावताना अडखळतोय, वारंवार पोटाकडे वळून बघतोय, खुरानं जमीन उकरतोय किंवा लोळतोय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि पशुवैद्याला फोन करा. हे पोटशूळ असू शकतं, त्याची कारणं बॉटखेरीज कितीतरी असतात.

९. लिदीवर नजर

थंडी सरून ऊब आली की पोटातल्या वाढलेल्या अळ्या लिदीबरोबर बाहेर पडतात: दीड-दोन सेंटिमीटर लांब, जाडसर, तांबूस किंवा पिवळट, अंगावर काट्यांच्या ओळी. त्या मातीत शिरून कोष करतात आणि काही आठवड्यांनी त्यांतून माश्या निघतात.

औषधानंतरच्या काही दिवसांत निपचित अळ्या दिसल्या तर औषध लागू पडलं. ऋतू बदलल्यावर वळवळणाऱ्या दिसल्या, तर मात्रा कमी पडली, औषध चुकीचं होतं किंवा शेवटच्या सफाईत अंडी राहिली, यांपैकी काहीतरी झालं. अशा काळात लीद रोज उचला आणि आतून चांगल्या तापणाऱ्या ढिगात दाबा. चराऊ जमिनीवर पसरू नका.

एका वहीत प्रत्येक घोड्यापुढं चार गोष्टी लिहून ठेवा: पहिलं अंडं दिसलं ती तारीख, कुठल्या जागी दिसलं, शेवटची सफाई कधी झाली, आणि औषधाचं नाव, मात्रा, तारीख. पुढच्या वर्षी, पहिलं अंडं दिसलं होतं त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी रेझर आणि मोजे आणून ठेवा.